डावीकडे दाबलं की उजवीकडे

माणसानं भंगाराच्या ढिगाकडे प्रेमानं बघू नये. बघायचंच असेल तर मागे कोणी उभं नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी. मी ती केली नाही. आमचे परचेस मॅनेजर माझ्या मागेच उभे होते. "पाहिजे का रे तुला? घेऊन जा. तेवढीच जागा मोकळी होईल," ते म्हणाले, आणि मी "नाही, म्हणजे तसं काही..." असं पुटपुटेपर्यंत त्यांनी वॉचमनला गेट उघडायला सांगूनसुद्धा टाकलं.

मी कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्स क्लार्क. नाव चांगदेव, जन्म कोळीवाड्यातला, शिक्षण मॅट्रिक, आणि होडीत पाय ठेवला की मला मळमळतं. (ही शेवटची माहिती लग्न ठरवताना मुलीकडच्यांना देण्यात आली नव्हती. ती त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पुनवेला, भर खाडीत, आपोआप मिळाली.)

ढिगात पडलेली ती वस्तू म्हणजे गो-कार्ट. अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं तरी आमच्याकडे ही चीज कोणी पाहिलेली नव्हती, म्हणून सांगतो. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाकं, मधे एकट्या माणसाची सीट आणि सीटच्या मागे इंजिन. बसलं की बूड जमिनीपासून वीतभर वर. कंपनीत नवा प्लांट उभारायला एक परदेशी इंजिनियर आलेला. त्याला संध्याकाळी करमेना म्हणून त्यानं ती कुठूनशी आणवली, आणि गोडाऊनमागच्या मैदानात तो एकटाच गोल गोल फिरत बसायचा. काम संपल्यावर तो मायदेशी गेला आणि गाडी गंजत पडली.

माझं प्रेम गाडीवर नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे शेवंतीची मान होती.

शेवंती माझी बायको. पहाटे खाडीच्या बंदरावर होड्या लागल्या की मासळी घ्यायची आणि ठाण्याच्या मार्केटात जाऊन बसायचं, हा तिचा धंदा. बंदरापासून टेम्पो थांबतो त्या नाक्यापर्यंत मधे लांबलचक बांध आहे. एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला खाजण, म्हणजे मांडीभर चिखल. रिक्षावाल्यांना त्या बांधाचं नाव सांगितलं तर ते मीटर टाकायच्या ऐवजी हात जोडतात. हातगाडी तिथे रुतते, सायकल घसरते. त्यामुळे शेवंती वर्षानुवर्षं मासळीची पाटी डोक्यावरून नेत आलेली. शेवटी मानेनं संप केला. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा बांधला आणि म्हणाले, "यापुढे डोक्यावर ओझं बंद. धंदा सोडा, नाहीतर मान सोडा."

"मंग मान सोरते," शेवंती म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मार्केटातली तिची जागा तिच्या आईपासून चालत आलेली, खांबाला टेकून आणि नळाच्या शेजारी. अशी जागा थोडे दिवस रिकामी दिसली की गेली. आणि ती कोण घेणार हेही सगळ्या कोळीवाड्याला माहीत होतं. आमची शेजारीण आवडाबाई रोज सकाळ-संध्याकाळ शेवंतीच्या मानेची चौकशी करायला यायची आणि "आराम कर गो बाय, घाय करू नको," असं इतक्या मायेनं सांगायची, की ती गेल्यावर शेवंतीची मान दुप्पट दुखायची.

(पाटी तुम्ही का उचलली नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो शेवंतीच्याही मनात आला होता, आणि तिनं तो मनात ठेवला नव्हता. पण पॅंट-शर्ट घालून आठच्या ड्यूटीला जाणाऱ्या माणसाला काही मर्यादा असतात.)

तर ही गाडी दुरुस्त करायची, तिला चिखलातून चालेल अशी तगडी बनवायची, मागे पाटी ठेवायला कॅरिअर लावायचं आणि रोज पहाटे पाटी बांधावरून नाक्यावर पोचवायची, असा माझा बेत होता. चालवणार अर्थातच मी. हातगाडीवर घालून ती अंगणात आणली तेव्हा शेवंती ओटीवर कोळंबी सोलत बसलेली.

"ह्या काय आनलाव?"

"गो-कार्ट."

"गो काय गो? नीट सांगा. कंचा कार्टा?"

"कार्टा नाही, कार्ट. गो-कार्ट."

"आवो, पन कोनाचा कार्टा? आनि त्यानं ह्या मोरून टाकलाय तर त्याच्या बापाच्या दारात नेऊन टाका. आपल्या अंगनात कशाला?"

तिला समजावता समजावता अर्धी कोळंबी सोलून झाली. सगळं ऐकल्यावर ती उठली. गाडीभोवती एक फेरी मारून आली, मानेला पट्टा असल्यामुळे सगळं अंग वळवून वळवून तिनं ती पाहिली, आणि म्हणाली, "बाला बोलवते."

हे मला नको होतं. बा म्हणजे माझे सासरे, गोमाजी; मी त्यांना मामा म्हणतो. बाळकुमला राहतात. उभा जन्म खाडीत गेलेला, आणि आसपासच्या बंदरांवर कोणाच्याही होडीचं इंजिन बिघडलं की मामांनाच बोलावणं येतं. (ते गेल्यावर दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागतं, पण त्याचा मामांच्या आत्मविश्वासावर परिणाम झालेला नाही.) मला पाहिलं की त्यांना ती नारळी पुनव आठवते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

मामा आले, गाडीकडे बघितलं, एका नळीवर बोटानं टकटक केलं. "बूर लय खाली हाय हिचा," म्हणाले. "भरतीला पानी आत येल."

"मामा, ही बांधावरून चालवायची आहे. पाण्यातून नाही."

"सगले आदी असाच बोलतान," मामा म्हणाले आणि त्यांनी बंडी काढून कुंपणावर टाकली.

तिथून पुढे आमचं अंगण म्हणजे गॅरेज झालं. इंजिन पार जाम होतं. मामांनी ते उघडून घासलेटमध्ये भिजत ठेवलं, तेही आमच्या भाताच्या टोपात. मूळच्या गुळगुळीत चाकांचा चिखलात काही निभाव लागला नसता, म्हणून मी माजिवड्याच्या एका गॅरेजमधून रिक्षाची जुनी चाकं पैदा केली. चाकं मोठी झाली म्हणून सांगाडा उचलावा लागला. सांगाडा उचलला म्हणून चेन पुरेना. चेन लांब केली तर ती सीटला घासायला लागली. सीट पुढे सरकवली तर माझे गुडघे हनुवटीला टेकायला लागले. मग मामांनी सांगाडाच पुढून लांब केला आणि वेल्डिंगवाल्यावर असा पहारा ठेवून बसले, की तो बिचारा चष्मा लावायलासुद्धा विचारून लावायचा.

माझ्याकडे या सगळ्यात दोनच कामं होती, 'धर' आणि 'सोर'. धर म्हटल्यावर सोडायचं नाही आणि सोड म्हटल्यावर धरायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण एकदा मामा 'सोर' म्हणाले ते शेवंतीला उद्देशून, तिच्या हातातला चहाचा कप घेताना, आणि मी इंजिन सोडलं. ते मामांच्या पायावर पडलं नाही, बाजूला पडलं. पुढचे दोन दिवस मला 'धर'सुद्धा मिळालं नाही.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत मजा येत होती. ऑफिसातून आलं की अंगणात घासलेटचा वास, मामांची बडबड, आणि ओटीवर मान ताठ ठेवून बसलेली शेवंती सूचना करतेय. घरात इतका उत्साह लग्नानंतर पहिल्यांदाच आला होता. त्या काळात कोळीवाड्यातल्या एका बाईकडून ती पाटी नाक्यापर्यंत पोचवून घेत होती, पण त्या बाईचे दिवस भरत आले होते, त्यामुळे गाडी लवकर तयार होणं भाग होतं.

ब्रेकवरून मात्र आमचं वाजलं.

"होरीला बिरेक असतो का?" मामांनी विचारलं.

"ही होडी नाही, मामा."

"होरीला नांगर असतो. टाकला की थांबते."

शेवटी तडजोड झाली. माझ्या समाधानासाठी सायकलचा ब्रेक लागला आणि त्यांच्या समाधानासाठी मागे दोरीला बांधलेला छोटा नांगर.

स्टिअरिंगचं गोल चाक भंगारातच नव्हतं. कोणीतरी आधीच उचलून नेलं असणार. मामांनी त्याजागी सागवानी दांडा बसवला, पुढच्या चाकांपासून थेट सीटपर्यंत येणारा, हाताला गुळगुळीत, तेल पाजलेला. दिसायला फारच देखणा. गाडी ओंडक्यांवर चढवून त्यांनी तो दोन्ही बाजूंना हलवून बघितला आणि मला ओरडून सांगितलं, "डावीकरं दाबला की उजवीकरं जाते. बग, बरोबर हाय ना?" तेव्हा इंजिन चालू होतं. मला त्यातलं फक्त 'बरोबर हाय ना' ऐकू आलं. मी मान डोलावली.

गाडीला मामांनी होडीचा निळा आणि पिवळा रंग दिला, पुढे दोन्ही बाजूंना डोळे काढले, आणि रविवारी सकाळी नव्या होडीला करतात तशी तिची पूजा झाली. हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. अर्धा कोळीवाडा बांधावर जमलेला. पहिल्या फेरीला मालकानंच बसायचं असतं, असं मामांनी जाहीर केलं. मी इस्त्रीची पॅंट घातली होती. शेवंतीनं मला ओवाळलं आणि हळू आवाजात म्हणाली, "जपून जावा. बांध पुढं वलतो."

बांध पुढे वळतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. वळतो तो डावीकडे. मामांनी दोरी ओढून इंजिन सुरू केलं, गाडी निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून हातही केला. गाडी फार सुरेख चालली होती. मोठ्या चाकांना खड्डे कळतच नव्हते. शेवंतीची पाटी आता राजासारखी जाईल, असं वाटून माझा ऊर भरून आला, आणि एवढ्यात वळण आलं.

मी दांडा डावीकडे दाबला. गाडी उजवीकडे वळली.

मला वाटलं, कमी दाबला. म्हणून जोरात दाबला. गाडी जोरात उजवीकडे गेली. मागून मामांचा आवाज आला, "उजवीकरं दाब, उजवीकरं!" उजवीकडे तर खाजण होतं. म्हातारा जावयाला सरळ चिखलात जायला सांगतोय, असं माझ्या मनात आलं. (नारळी पुनवेचा सूड इतक्या वर्षांनी आणि असा चारचौघांत घ्यावा, याचं मला वाईटही वाटलं.) मी सासऱ्यांचं न ऐकता आणखी डावीकडे दाबला. ब्रेक ओढला, तर तो हातात आला. मग मला नांगराची आठवण झाली.

नांगर मी फेकला हे खरं. तो रुतावा असं मला वाटत होतं. पण तो आवडाबाईनं बांधाच्या कडेला बांबूंवर वाळत घातलेल्या जाळ्यात अडकला. जाळं आलं, जाळ्यामागे बांबू आले, आणि आम्ही सगळे मिळून खाजणात उतरलो. सगळ्यात वर जाळं, त्याच्या खाली मी, माझ्या खाली गाडी. डोळ्यांत चिखल गेल्यामुळे मला काही दिसत नव्हतं, पण आवडाबाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"शेवंते, ये गो लवकर. माज्या जाल्यात तुजा घावलाय. जिता हाय का बग."

जिवंत होतो. मला आधी काढलं आणि मग गाडी काढली, असं मी सगळ्यांना सांगतो. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. दहा-बारा जणांनी होडी ओढतात तशी गाडी दोरानं ओढून बांधावर घेतली, तिचा प्लगसुद्धा पुसून कोरडा केला. मी हळूहळू आपला आपण आलो आणि तसाच, चिखलानं माखलेला, मामांसमोर जाऊन उभा राहिलो.

"मामा, दांडा उलटा लावलाय तुम्ही."

"उलटा कसा? सुकानू असाच असतो. डावीकरं दाबला की उजवीकरं जाते. तुला इचारला तवा मुंडी हालवलीस."

"सुकाणू होडीचं असतं. ही गाडी आहे."

"गारी हाय, मना दिसतंय. पन वलवायचं तर सुकानूच लागतंय ना?"

"उद्याच्या उद्या तो दांडा फिरवून द्या."

"अक्का सांगारा तोरावा लागंल," मामा म्हणाले. "म्हैना जाल."

 महिना शेवंतीकडे नव्हता. आवडाबाई तर जाळं गुंडाळता गुंडाळता शेवंतीला सांगत होती, "जाऊ दे गो. आता निवांत घरी बस. नशिबात आराम हाय तुज्या." मला तेव्हा त्या चिखलात परत जाऊन बसावंसं वाटलं.

एवढ्यात मागे इंजिनाचा आवाज झाला. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. शेवंतीनं कासोटा आवळला होता, ती सीटवर बसली होती, आणि तिचा हात दांड्यावर असा होता जसा आपला हात आपल्याच घराच्या कडीवर असतो. गाडी निघाली. वळणावर तिनं दांडा अलगद उजवीकडे ढकलला, गाडी अलगद डावीकडे वळली, आणि मिठागराच्या कडेकडेनं नाक्याकडे दिसेनाशी झाली. दहा वर्षांची असल्यापासून ती बापाच्या होडीवर सुकाणू धरून बसायची, हे मला माहीत होतं. पण त्याचा माझ्याशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती परत आली. खड्डे चुकवत, एका हातानं. पट्टा बांधलेली मान ताठ, त्यामुळे ती एखाद्या सरदारासारखी दिसत होती. गाडी तिनं बरोबर आवडाबाईसमोर थांबवली, आणि कशी थांबवली ते मला अजूनही कळलेलं नाही, कारण ब्रेक माझ्या हातात होता.

"बा, दांडा फिरवू नको," ती म्हणाली. "बरोबर हाय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं त्यांचं मन मोठं आहे. मला विचाराल तर माझी सगळ्यांसमोर शोभा झाली, कपाळावर टेंगूळ आलं, इस्त्रीची पॅंट कायमची गेली, आणि तरी मी त्या दिवशी फार खूश होतो. तिची मान वाचणार होती, जागाही वाचणार होती. आणखी काय पाहिजे?

आणखी एक गोष्ट पाहिजे होती, ती दुसऱ्या दिवशी पहाटे कळली. मागच्या कॅरिअरवर पाटी ठेवून शेवंती निघाली आणि अर्ध्या बांधावर इंजिन बंद पडलं. पाटीत मासळीबरोबर बर्फ, आणि बर्फाचं खारट पाणी थेंब थेंब थेट प्लगवर. प्लग पुसला, गाडी सुरू केली, पन्नास पावलांवर परत बंद. पाटीखाली प्लॅस्टिक घातलं, तर पाणी साठून एकदमच सांडलं. गोणपाट घातलं, तर ते चेनमध्ये गेलं. पाटी पुढे ठेवली, तर शेवंतीला पाटीतल्या बोय माशांशिवाय समोरचं काही दिसेना.

मामांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग माझ्याभोवती एक मारली. "पाटी आनि इंजिन ह्याच्या मदी," ते म्हणाले, "पानी शोशील असा कायतरी पायजे."

तेव्हापासून रोज पहाटे मी कॅरिअरवर बसतो. पाटी माझ्या डोक्यावर असते. पाणी डोक्यावरून मानेत, मानेतून शर्टात आणि शर्टातून पॅंटीत मुरतं. इंजिनापर्यंत एक थेंबही पोचत नाही. मामांचा हिशेब पहिल्यांदाच अचूक निघाला आहे. नाक्यावर पाटी उतरवली की गाडी शेवंतीसाठी तिथेच ठेवून, चालत घरी येऊन आंघोळ करून मी आठच्या ड्यूटीला जातो. ऑफिसात आजकाल माझं टेबल खिडकीपाशी हलवलं आहे आणि कॅंटीनचं मांजर दिवसभर माझ्या पायाशी बसतं. पण मार्केटात खांबाजवळ शेवंती बसलेली आहे, आणि आवडाबाईसुद्धा आता तिच्या मानेची चौकशी करत नाही. शेवंतीची मान सुधारतेय, आणि एकूण आमचं बरं चाललं आहे.

परवा टेम्पोवर नवा ड्रायव्हर आला, रघु नावाचा, कल्याणकडचा. त्याला आमच्याकडचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्या डोक्यावरची पाटी उतरवून टेम्पोत सरकवली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि शेवंतीला विचारलं, "मावशी, गडी कुठून आणलात? चांगला आहे. एक शब्द बोलत नाही."

मी घसा साफ केला. पण शेवंती टेम्पोत चढत होती, घाईत होती, आणि तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"गारीसंगं मिलाला," ती म्हणाली. "जुना हाय, पन चालतंय."